पालिकेचं बोटिंग, धक्का आणि रॅम्प: आराखड्यात आणि करारात काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पालिकेने तळ्यावर बोटिंग सुरू करायचं ठरवलंय, त्यात तरंगता धक्का आहे, स्वतःची बोट घेऊन येणाऱ्यांसाठी पाण्यात उतरणारा रॅम्प आहे, काठाने फिरायला वाट आहे, नागरिकांच्या समितीत तुम्ही असल्यामुळे आराखडा तुमच्यापुढे आलाय, तर यात नेमकं काय तपासायचं आणि अशा सोयी उद्घाटनानंतर दोन-तीन वर्षांत मोडकळीला का येतात. मी या कामात बरीच वर्षं आहे, बांधण्यापेक्षा चालवण्याच्या बाजूला जास्त, त्यामुळे त्याच बाजूने सांगतो.

पालिकेचं लक्ष आणि पैसा दोन टोकांना जातो. एक काठावरची शोभा, म्हणजे दिवे, बाकं, कठडे, आणि दुसरं बोटी. मधला पट्टा, म्हणजे कोरडी जमीन संपते तिथपासून माणूस बोटीत नीट बसेपर्यंतची दहा-वीस पावलं, त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणि सगळं घडतं तिथेच. पाय तिथे घसरतात, बांधकाम तिथे खचतं, आणि पाण्यावर पुढे काय होणार हेसुद्धा तिथेच ठरतं, किती जण चढले, जॅकेट कुणी नीट बांधलं, वारा कुणी बघितला. म्हणून आराखडा असो, टेंडर असो की रोजचा कारभार, मी आधी हाच पट्टा बघतो आणि तुम्हीही तेच करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

सुरुवात पाण्याच्या पातळीपासून. ड्रॉइंगमध्ये पाणी म्हणून एकच निळी रेघ असते, सरळ विचारा की ही कोणत्या महिन्याची रेघ आहे. बहुतेक वेळा सर्व्हे झाला त्या दिवशीची असते. तुम्हाला निदान दहा वर्षांतली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची पातळी हवी, पाणी धरणाचं असेल तर ते कधी आणि किती सोडतात हे हवं, भरती-ओहोटीचं असेल तर उधाणाची भरती आणि उधाणाचीच ओहोटी दोन्ही हव्यात. या दोन आकड्यांतला फरक अर्ध्या मीटरपर्यंत असेल तर पक्का काँक्रीटचा धक्का चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर पक्का धक्का वर्षातले कित्येक महिने एकतर बुडालेला नाहीतर बोटीपेक्षा डोक्याएवढा उंच राहतो, आणि मग लोकांना उतरवायला कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची मांडतं. तिथे तरंगता धक्काच हवा.

तरंगत्या धक्क्याचा हिशेब मात्र नीट करा. काठ आणि पॉन्टून, म्हणजे धक्क्याचा तरंगणारा भाग, यांना जोडणारा जो पूल असतो, गँगवे, तो पाणी खाली गेलं की तिरका होतो. व्हीलचेअर कुणाच्या मदतीशिवाय चढवायची तर उतार साधारण १:१२ पेक्षा जास्त नको असं सगळीकडे धरतात, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी. पाणी तीन मीटर खाली जाणार असेल तर छत्तीस मीटरचा गँगवे लागेल, तेवढा कुणी करत नाही, मग वळणं घेत जाणारा किंवा टप्प्याटप्प्याचा करावा लागतो. पण आराखड्यात सहा मीटरचा गँगवे दाखवून वर व्हीलचेअरचं चिन्ह काढलेलं असेल तर ती फसवणूक आहे, हे समितीत मोठ्याने म्हणा. कारण ज्याच्यासाठी ते चिन्ह काढलं तो माणूस उन्हाळ्यात येणार आणि वरूनच परत जाणार.

आणखी एक गोष्ट, पॉन्टून ज्या खांबांवर कड्यांनी वरखाली सरकतो त्या खांबांची उंची. ती सगळ्यात मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा चांगली वर हवी. खांब आखूड असतील तर पुरात पॉन्टून खांबांच्या डोक्यावरून निसटतो आणि अख्खा धक्का बोटींसकट वाहत जातो, पुढे एखादा पूल असेल तर त्याला जाऊन अडकतो. खांबाची वरची लांबी वाचवून फार थोडा पैसा वाचतो, म्हणून ही काटकसर बघितली की मला खरंच राग येतो. पॉन्टूनच्या आत उघडा थर्माकोल असेल तर घेऊच नका, तो उन्हाने आणि लाटांनी सुटतो, त्याचे मणी पाण्यावर पसरतात, मासे आणि पक्षी ते खातात आणि गोळा करणं अशक्य असतं. फोम बंद प्लास्टिकच्या कवचात हवा.

धक्क्याची पाण्यापासूनची उंचीही बोटीप्रमाणे बदलते. कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद बुटक्या होडीत, बसणाऱ्याला धक्का पाण्यापासून वीतभर उंच असला तर सोपं जातं, मोठ्या बोटीला हात-दीड हात हवा. दोन्ही चालणार असतील तर दोन वेगळ्या उंचीचे भाग करा. नाहीतर कयाकवाले धक्का सोडून दगडांवरून उतरायला लागतात आणि पाय मुरगळून घेतात.

आता रॅम्प. ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडायचा उतार १२ ते १५ टक्के असावा, म्हणजे दहा मीटर पुढे गेलं की सव्वा ते दीड मीटर खाली. यापेक्षा सपाट केला तर बोट तरंगायच्या आत गाडीचीच मागची चाकं पाण्यात जातात, जास्त उभा केला तर ओल्या रॅम्पवर बोट ओढून वर येताना टायर घसरतात. खालचं टोक सगळ्यात कमी पाण्यातही निदान मीटरभर बुडालेलं राहायला हवं. या टोकाची एक खास भानगड आहे. बरेच लोक बोट ट्रेलरवर चढवताना इंजिनचा जोर लावतात, पंख्याच्या झोताने रॅम्प संपतो तिथली माती उडते आणि खड्डा पडतो, तीच माती थोडी मागे जाऊन ढीग होते. मग एक दिवस ट्रेलरची चाकं काँक्रीटच्या कडेवरून त्या खड्ड्यात उतरतात आणि एक्सल अडकतो. म्हणून टोकापुढे मोठे दगड नीट बसवून घ्या, आणि दर मोसमाआधी एखाद्या माणसाने काठी घेऊन पाण्यात जाऊन तिथे चाचपून बघायला हवं, वरून काही दिसत नाही.

रॅम्पवरचं शेवाळ हा तर स्वतंत्र विषय आहे. पाणी ज्या पट्ट्यात रोज थोडं वरखाली होतं तिथे काँक्रीट दिसायला फक्त काळपट ओलसर दिसतं, पूर्ण हिरवंही नसतं, त्यामुळे लोक निर्धास्त पाय टाकतात आणि तो पट्टा साबण लावल्यासारखा असतो. माणूस पाय वर होऊन डोक्याच्या मागच्या बाजूवर पडतो, आणि हातात बोटीचा दोर असल्यामुळे हात टेकवताही येत नाहीत. यावर दोनच उपाय मी चालताना बघितलेत. एक, काँक्रीट ओलं असतानाच खोल खाचा पाडायच्या, उताराला आडव्या तिरक्या, मधून दोन्ही कडांकडे जाणाऱ्या, म्हणजे पाणी आणि गाळ बाजूला वाहून जातो आणि टायरला पकडही मिळते, झाडूच्या काड्यांच्या बारीक रेघा मारून भागत नाही, त्या वर्षभरात भरून जातात. दोन, जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने ठरलेल्या दिवशी धुणं, मोसमात दर आठवड्याला. ब्लीच ओतून शेवाळ मारणारे लोक आहेत, ते थेट पाण्यात जातं, ते करू देऊ नका.

रॅम्पच्या वर सपाट जागा ठेवली का तेही बघा. बोटीचे पट्टे सोडणं, तळाचं बूच लावणं, सामान चढवणं ही कामं रॅम्पवर उभं राहून केली की मागे रांग लागते आणि रांग लागली की भांडणं. वर मोकळी जागा असली की गर्दीतला निम्मा ताण जातो. ट्रेलरसकट गाडी लावायला साधारण ३ बाय १२ मीटर जागा लागते, ती नेहमीच्या पार्किंगमध्ये बसत नाही, आणि आराखडेवाले हे हमखास विसरतात. बुचाचं म्हणाल तर तिथे डोळ्याच्या उंचीवर मोठ्या अक्षरात पाटीच लावा, ‘बूच लावलं का?’ बूच न लावता पाण्यात सोडलेली बोट दिसायला ठीक तरंगते आणि दहा-पंधरा मिनिटांनी मधोमध गेल्यावर जड व्हायला लागते.

आता ठेक्याच्या कराराबद्दल, ही सगळ्यात महत्त्वाची बाब आहे म्हणून जरा सविस्तर. नेहमीची पद्धत म्हणजे जो पालिकेला वर्षाला सगळ्यात जास्त रक्कम देईल त्याला ठेका. तिकिटाचे पैसे त्याचे. आता तुम्हीच विचार करा, त्याने ठरलेली रक्कम भरलेली आहे, गर्दी फक्त सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी दोन-तीन तास असते, वारा सुटला म्हणून त्याने बोटी बंद केल्या तर नुकसान पूर्ण त्याचं, आणि एका फेरीत चार माणसं जास्त घेतली तर फायदाही पूर्ण त्याचा. माणूस वाईट असतो असं नाही, करारच त्याला रोज त्या दिशेने ढकलतो. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेतल्या मुलांची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तळं पालिकेचं होतं, चालवायला ठेक्याने दिलेलं होतं, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. यातली प्रत्येक गोष्ट धक्क्यावर, बोट सुटायच्या आधी, थांबवता येण्यासारखी होती.

म्हणून करारात माझ्या मते या गोष्टी आल्याच पाहिजेत. धक्क्यावर बोट सोडायची की नाही हे ठरवणारा माणूस पालिकेच्या पगारावर असला पाहिजे, ठेकेदाराच्या नाही, आणि त्याने नाही म्हटलं की विषय संपला, कुणाच्या फोनवर तो बदलायचा नाही. हवामानामुळे बंद ठेवलेल्या दिवसाचे पैसे ठेक्याच्या रकमेतून वजा व्हायला हवेत, म्हणजे बंद करायला कुणाला जड जाणार नाही. प्रत्येक बोटीवर माणसांची संख्या आणि किलोमधलं एकूण वजन बाहेरच्या बाजूला रंगाने लिहिलेलं हवं, रांगेत उभ्या माणसाला वाचता येईल असं, कारण सगळ्यात चांगली तपासणी रांगेतले लोकच करतात. आणि टेंडर फक्त रकमेवर देऊ नका, जास्तीत जास्त बोली लावणारा ती रक्कम कुठून काढणार हा साधा प्रश्न आहे.

क्षमतेबद्दल एक समजून घ्या. बोटीची माणसांची संख्या काढताना साधारण ७५ किलोचा एक माणूस धरतात आणि तो बसलेला आहे असं धरतात. उभा राहिला की त्याचं वजन तेवढंच राहतं पण वर जातं, आणि बोट उलटते ती बहुतेक वेळा वजन वर आणि एका बाजूला गेल्यामुळे. ३० सप्टेंबर २००९ ला केरळातल्या थेक्कडीला दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जण गेले, काठावरचे प्राणी दिसले म्हणून लोक एका बाजूला सरकले असं तेव्हा समोर आलं. त्यात बोटीच्या तळाशी पाणी साठलेलं असेल तर आणखी वाईट, कारण बोट जरा कलली की ते पाणी धावत खालच्या बाजूला जातं आणि कल वाढवतं. घोटाभर पाणी दिसलं तरी आधी उपसा, मग माणसं चढवा. दुमजली, छतावर बसायची सोय असलेल्या बोटी छोट्या तळ्यावर आणूच नयेत असं माझं मत आहे, फोटोला छान दिसतात म्हणून आणतात.

लाइफ जॅकेट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाची दर वर्षाची आकडेवारी बघितली तर बोटिंगमध्ये बुडून गेलेल्या दर दहा जणांपैकी आठपेक्षा जास्त जणांनी जॅकेट घातलेलंच नसतं, आणि त्यातल्या अनेकांच्या बोटीत ते ठेवलेलं असतं. म्हणजे जॅकेट बोटीत असणं आणि अंगावर असणं यात सगळा फरक आहे. ते धक्क्यावरच, बोटीत पाय टाकायच्या आधी, घालून बांधलं गेलं पाहिजे. विकत घेताना त्यावरचा न्यूटनचा आकडा, म्हणजे पाण्यात तोलून धरायची ताकद, बघा. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवत नाही. ज्यांना पोहता येत नाही अशी सर्वसाधारण जनता बसणार असेल तर निदान १०० न्यूटनचं, मागे डोक्याला आधार असलेलं घ्या. लहान मुलांची मापं वजनाप्रमाणे वेगळी असतात आणि त्यांना पायांमधून जाणारा पट्टा लागतोच. तपासायची सोपी रीत म्हणजे जॅकेट बांधल्यावर खांद्याला धरून वर ओढा, ते कानापर्यंत वर आलं तर माप चुकलंय, पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल.

जॅकेटं म्हातारी होतात हे कुणी मनावर घेत नाही. रोज भिजणं, उन्हात टांगणं, त्यावर लोकांनी बसणं याने आतला फोम दबतो, वरून कापड मात्र चांगलं दिसतं. वर्षातून एकदा हे करून बघा. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलो वजन पाण्यात तोलून धरायची ताकद, आणि लोखंड पाण्यात आपल्या वजनाच्या आठव्या हिश्श्याएवढं हलकं होतं, म्हणून साडेअकरा किलोचं लोखंडी वजन जॅकेटला बांधून पाण्याच्या टाकीत सोडायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं. तळाला गेलं की ते जॅकेट कात्रीने कापून टाका. कापून टाका असं मुद्दाम म्हणतोय, कारण नुसतं बाजूला ठेवलेलं जॅकेट गर्दीच्या दिवशी परत बाहेर येतं.

धक्क्यावरच्या माणसाकडे फार यंत्रं लागत नाहीत. एक फळा, त्यावर बोटीचा नंबर, किती जण गेले, किती वाजता गेले, आणि परत आल्यावर खोडायचं. संध्याकाळी फळा कोरा झाल्याशिवाय घरी जायचं नाही. साधी गोष्ट आहे पण अंधार पडल्यावर ‘सगळे आले का’ या प्रश्नाला दुसरं कुठलंही खात्रीचं उत्तर नसतं.

वाऱ्याचं सांगतो. छत असलेल्या पॅडल बोटी शिडासारख्या वारा पकडतात आणि पायांच्या जोरावर वाऱ्याविरुद्ध परत येता येत नाही. पाण्यावर बऱ्याच जागी पांढरे फेस दिसायला लागले की वारा ताशी २० किलोमीटरच्या वर गेलाय असं समजा, पॅडल बोटी आणि नवशिक्यांचे कयाक त्याच्या आधीच आत बोलवा. सगळ्यात फसवा वारा म्हणजे धक्क्याच्या पाठीमागून पाण्याकडे वाहणारा. झाडांच्या आणि इमारतींच्या आडोशामुळे धक्क्याजवळ पाणी एकदम शांत दिसतं, लोक आरामात निघतात, आणि तीनशे मीटरवर आडोसा संपला की वारा त्यांना पलीकडे घेऊन जातो. वारा मोजायचं छोटं यंत्र धक्क्यावर लावायचं असेल तर त्या आडोशात लावू नका, उघड्यावर उंच खांबावर लावा. विजेचा नियमही पाठ असू द्या, वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी लागले तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं.

बचावाची बोट वेगळी हवी आणि ती फक्त त्यासाठीच हवी. पाहुणे आले की त्याच बोटीतून फेरी मारायची, पेट्रोल संपलं तर भरायचं राहून जायचं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता तपासणीला गेलो की पहिलं तेच इंजिन सुरू करून दाखवायला सांगतो. पंख्याभोवती जाळी असलेलं इंजिन घ्या, पाण्यात पडलेल्या माणसाजवळ उघडा पंखा घेऊन जायचं नसतं. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला बांधायची दोरी, जी सुटली की इंजिन बंद पडतं, ती बांधल्याशिवाय बोट हलता कामा नये. आणि माणसांना शिकवा की बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होत असतं, डोकं मागे गेलेलं असतं, हात बाजूला पाणी दाबत असतात, बघणाऱ्याला वाटतं खेळतोय. आधी काठी किंवा दोर द्यायचा, मग काहीतरी तरंगतं फेकायचं, मग बोट, उडी अगदी शेवटी.

दुरुस्तीत सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे साखळ्या. पॉन्टून किंवा नांगरलेली बोट ज्या साखळीवर उभी असते तिचा वरचा भाग चांगला दिसतो, तळाशी गाळात पुरलेला भागही टिकतो, पण मधला जो भाग लाटांबरोबर तळाला आपटत घासत राहतो तो आतून झिजतो. कडी बाहेरून बघू नका, दोन कड्या एकमेकींवर टेकतात ती जागा साफ करून जाडी मोजायचा कॅलिपर लावा, मूळ जाडीचा चतुर्थांश गेला असेल तर मी बदलायला सांगतो, वाद घालत नाही. साखळी जोडायच्या यू आकाराच्या कडीची, म्हणजे शॅकलची, पिन फिरून सुटू नये म्हणून तिला तार ओवून बांधतात, ती तार आहे का बघा. आणि जस्ताचा थर दिलेल्या साखळीत कुणी भारी म्हणून स्टेनलेसचं शॅकल टाकलं असेल तर त्या जोडाजवळचं जस्त आधी खाल्लं जातं, मग लोखंड, आणि तुटताना साखळी नेमकी तिथेच तुटते. हे सगळं बघायला वर्षातून एकदा साखळी वर काढावी लागते, त्याचा खर्च बांधकामाच्या टेंडरमध्ये नसतो, म्हणून देखभालीचं वेगळं शीर्षक बजेटमध्ये पहिल्याच वर्षी उघडून घ्या. नंतर ते कुणी उघडत नाही.

वीज. धक्क्यावर दिवे किंवा चार्जिंग असेल तर प्रत्येक सर्किट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर, हवं आणि त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून तारीख लिहायची. गोड्या पाण्यात गळलेला करंट फार धोक्याचा असतो, कारण माणसाचं शरीर त्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक असतं, स्नायू आखडतात आणि चांगला पोहणाराही बुडतो. धक्क्याला वीज असेल तर त्याच्याजवळ पोहायला पूर्ण बंदी. दिवे पाण्याकडे तोंड करून लावू नका, बोटीतून परत येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि धक्काच दिसत नाही.

पाण्याच्या तब्येतीबद्दल दोनच गोष्टी. हिरवा रंग सांडल्यासारखा थर आला, वास यायला लागला तर ते विषारी असू शकतं, तपासणीचा निकाल येईपर्यंत पाण्याशी संबंध येणारं सगळं बंद, कुत्र्यांनाही पाण्यात सोडू नये. आणि दुसरं, बाहेरून येणाऱ्या बोटींबरोबर बाहेरची जीवसृष्टी येते. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, आज ती कुठे नाही ते विचारा, सांडपाण्याच्या तळ्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. झेब्रा शिंपला १९८०च्या दशकाच्या शेवटी जहाजांत तोलासाठी भरलेल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेच्या मोठ्या तळ्यांत पोचला, पुढे ट्रेलरवरच्या बोटींबरोबरही एका तळ्यातून दुसऱ्यात गेला आणि पाणीपुरवठ्याचे पाइप बुजवून बसला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, तळाशी राहिलेल्या तांब्याभर पाण्यातूनही जातात. म्हणून रॅम्पच्या वर धुण्याची जागा हवी, तिचं पाणी तळ्यात परत न जाता जमिनीत किंवा गटारात जायला हवं, आणि नियम एकच, बघा, धुवा, पूर्ण वाळवा. बोटीचा जुना रंग खरवडायचं काम मात्र काठावर होऊ देऊ नका, त्या रंगात जीव मारणारी द्रव्यं असतात. त्यातलं सगळ्यात वाईट टीबीटी २००१च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर २००८पासून बंद झालं, पण जुन्या बोटींवर खालच्या थरात अजून निघू शकतं.

एकाच पाण्यावर पोहणारे, मासे धरणारे, कयाक आणि मोटारबोट हे सगळे असणार, त्यांना वेळेने किंवा जागेने वेगळं करा आणि बोयांनी दाखवा. मोटारबोटीची लाट दुप्पट उंच झाली की तिच्यातला जोर चौपट होतो, काठ ढासळतात ते याने, म्हणून काठाजवळ ५ नॉट, म्हणजे ताशी ९ किलोमीटरच्या आसपास वेग ठेवायला लावा. फेरीची दिशा एकच ठेवा, समोरासमोर आले तर दोघांनीही उजवीकडे वळायचं हा जगभरचा नियम आहे. आणि तिथे आधीपासून मासेमारी करणारे लोक असतील तर त्यांची होड्या लावायची जागा आराखड्यात आधी काढा, मग बाकीचं. त्या पाण्याची सगळ्यात जास्त माहिती त्यांना असते, गाळ कुठे, खडक कुठे, वारा कुठून फिरतो, आणि बोटिंग आलं की सगळ्यात आधी हुसकावतात त्यांनाच. माझा अनुभव असा की धक्क्यावरच्या नोकऱ्या त्यांना दिल्या तर बचावाचं अर्धं काम तिथेच होतं.

खाजगी बोटी बांधायला जागा देणार असाल तर सुरुवातीलाच अनामत रक्कम, मालकाचा पत्ता आणि विमा घ्या, आणि इतके महिने भाडं थकलं तर बोट उचलून विल्हेवाट लावू असं करारात लिहा. फायबरची सोडून दिलेली बोट कुणी भंगारातही घेत नाही.

शेवटचा मुद्दा बोटिंग बंद असतानाचा. तिकीट खिडकी संध्याकाळी बंद होते, धक्का मात्र तिथेच असतो, आणि लोक रात्री, पहाटे, मोसम नसताना तिथे येतातच, कितीही फाटकं लावा. म्हणून पाण्यातून वर यायच्या शिड्या कायम बसवलेल्या हव्यात, सगळ्यात कमी पाण्यातही खालची पायरी मीटरभर बुडालेली, आणि रंग पिवळा, म्हणजे पाण्यात पडलेल्याला दिसेल. फेकायच्या रिंगा ३० मीटर दोरासकट उघड्या स्टँडवर हव्यात, कुलपात नको. चोरीला जातील म्हणून त्या आत ठेवणारे अधिकारी मला बरेच भेटलेत, त्यांना मी सांगतो की वर्षाला इतक्या रिंगा जाणार असं धरूनच खरेदी करा. प्रत्येक स्टँडवर त्या जागेचा नंबर आणि आणीबाणीचा फोन नंबर लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला आपण तळ्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे सांगता येत नाही, नंबर वाचून दाखवता येतो. समितीच्या पुढच्या बैठकीत आराखड्यावर या शिड्या आणि स्टँड कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि दाखवता आले नाहीत तर ते काढून आणेपर्यंत सही करू नका.